जुन्या चेन लोडरनं पडीत वावरातली झाडं काढायची असतील तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूरकडं आजोबाच्या नावचं सहा एकर वावर, वीस-बावीस वर्षं वाहितीत नाही, त्यात बाभूळ, हिवर, पळस, बोर माजले, नाल्याच्या कडेला वेडी बाभूळ अन् मधात घाणेरीचं रान. एक जण जुना चेन लोडर, म्हणजे टायरऐवजी लोखंडी चेनवर चालणारी बकेटची मशीन, साडेआठ लाखात देतो म्हणते, तर घेऊ का, का जेसीबी लावू तासावर, का सरळ पोकलेन बोलावू, असं तुम्ही विचारलं. मी १९९१ पासून चेनच्या मशीनवर आहे, पहिले कालव्याच्या कामावर हेल्पर, मग ऑपरेटर, मग स्वतःचा जुना लोडर घेऊन वर्धा-यवतमाळ-चंद्रपूर अशा भागात वावरं साफ करून दिली. म्हणून जरा लांब लिहितो, घाई करू नका वाचायची.

पहिले सरळ उत्तर देतो. सहा एकरासाठी मशीन विकत घेऊ नका. जुना लोडर भाड्यानं मिळत असेल अन् त्याच्यासोबत झाडं काढलेला ऑपरेटर मिळत असेल तर तो लावा, सहा एकराचं काम चार-पाच दिवसात होते. ऑपरेटर फक्त गिट्टी भरणारा, मुरूम भरणारा असेल तर मशीन कितीही चांगली असो, लावू नका. झाडं काढणं हे ढकलण्याचं काम नाही, मुळं तोडण्याचं काम आहे, अन् हे ज्याला समजलं त्याच्या हातात चाळीस वर्षं जुनी मशीनही नव्यासारखी चालते.

मशीनच्या आधी सातबारा पाहा. हे मी दरवेळी पहिले बोलतो कारण दोन ठिकाणी मला मशीन अर्ध्यातून परत न्यावी लागली. वर्धा जिल्ह्यात, अन् तसंच नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, जुन्या महसुली नोंदीत झुडपी जंगल असा प्रकार आहे. दिसायला नुसती झुडपं, पण २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की झुडपी जंगलाच्या जमिनी १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे वनजमीनच धरायच्या. तुमचं वावर खाजगी आहे, पण नाल्याकडचा एखादा तुकडा, एखादा गट तसा नोंदलेला आहे का हे तलाठ्याकडं पाहून घ्या, अन् मोजणीच्या खुणा नसतील तर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडं एक चाक, आपलं एक चेनसुद्धा नेऊ नका. दुसरं, १९६४ चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, खैर, चंदन, जांभूळ अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या वावरात असली तरी परवानगी लागते. वर्ग दोनची, म्हणजे सरकारी अटी असलेली, जमीन असेल तर वेगळं विचारावं लागते. लाकूड बाहेर न्यायचं असेल तर टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना, लागते का तेही वनविभागाच्या ऑफिसात आधीच विचारून ठेवा, ट्रॅक्टर रस्त्यात अडला की मग विचारण्यात अर्थ नसतो.

आता मशीनचं. चेन लोडर म्हणजे डोझरला पुढून बकेट लावली असं लोकाले वाटते, पण तसं नसते. डोझरच्या चेनच्या पट्टीवर एकच उंच धार असते, ती जमिनीत रुतते म्हणून डोझर जोरानं ढकलतो. लोडरच्या पट्टीवर तीन बुटक्या धारा असतात, म्हणजे वळताना जमीन कमी फाटते पण ढकलताना तो लवकर घसरतो, काळ्या मातीत तर साबणावर उभा असल्यासारखा. अजून एक, डोझरच्या दोन्ही बाजूच्या चेनच्या चौकटी थोड्या खालीवर हलतात, लोडरच्या पक्क्या असतात, त्यामुळं एका बाजूनं खोडावर चढला की अख्खी मशीन तिरपी होते. म्हणजे ढकलण्यात लोडर डोझरपेक्षा कमी. मग त्याची ताकद कुठं आहे, तर उचलण्यात. बकेटचे दात मुळाखाली घालून बकेट मागं वळवली की जी ताकद वरच्या दिशेनं लागते ती त्याच मशीनच्या ढकलण्यापेक्षा कामाची, अन् डोझरच्या पात्याला ती तशी येत नाही. शिवाय काढलेलं झाड उचलून, झटकून, नेऊन धुऱ्यावर ठेवता येते. डोझर झाडासोबत वरची चांगली मातीही लोटत नेते, ती माती परत वावरात पसरवायला कोणी येत नाही.

जुन्यात आपल्याकडं जे सापडते ते बहुतेक खाणीतून नाहीतर धरणा-कालव्याच्या कामातून लिलावात निघालेलं. कॅटरपिलरचे ९५५ अन् ९७७, कोमात्सुचे डी५० जातीचे शॉव्हेल, म्हणजे लोडरच, अन् बीईएमएलचे डी५० डोझर तर लयच. ९५५एल म्हणजे १३० हॉर्सपॉवर, पंधरा टनाच्या आसपास वजन, ९७७एल १९० हॉर्सपॉवर अन् एकवीस टनाच्या आसपास. तुमच्या वावरासाठी ९५५ च्या आकाराचा पुरेसा आहे, ९७७ ला लोबेडवर, म्हणजे मशीन वाहायच्या बुटक्या ट्रेलरवर, चढवून आणायचा खर्च अन् पांदणीतून नेण्याचा त्रासच जास्त. याहून जुन्यात डिझेल इंजिन चालू करायला छोटं पेट्रोलचं पोनी इंजिन असते, ते दुरुस्त करणारे मिस्त्री आता फार राहिले नाहीत, तसा घेऊ नका. ऐंशीच्या दशकापासून ९५३, ९६३ असे आले ज्यात इंजिन मागं गेलं अन् हायड्रोस्टॅटिक चाल आली, म्हणजे पंपाच्या ऑइलच्या दाबानं चालणारी, चालवायला फार सोपे, समोरचं दिसते चांगलं, पण त्याचा पंप गेला की खर्च अंगावर येतो.

जेसीबीचं सांगतो. साडेसात-आठ टनाची मशीन, टायरवर. मनगटाएवढी बोर, घाणेरी, लहान वेडी बाभूळ काढेल, पण मांडीएवढी बाभूळ लागली की एका झाडाला अर्धा-पाऊण तास खोदत बसते अन् मीटर चालू. त्यात बाभळीचे काटे. वाळलेला काटा टायरच्या कडेतून घुसतो. पोकलेन चांगली, मुळं खोदायला तिच्यासारखं काही नाही, मोठ्या बुंध्याला मी स्वतः पोकलेनच सुचवतो. पण ती एका जागी उभी राहून काम करते, झाड उचलून दोनशे फूट नेऊन रचायचं काम तिचं नाही. जिथं चाळीस-पन्नास मोठी झाडं अन् बाकी सगळी झुडपं असं आहे तिथं चेन लोडर सगळ्यात स्वस्त पडतो. तुमचं वर्णन तसंच आहे.

आता मुख्य चूक, जी दहातले आठ जण करतात. मशीन यायच्या आधी लाकूड विकून टाकतात. व्यापारी येतो, बाभळी जमिनीलगत आरीनं कापून नेतो, पैसे देतो, अन् वावरात राहतात साठ खुंट. मग मशीनवाल्याला फोन. भाऊ, ते खोड म्हणजेच तुमचा पहार होता, तोच विकून टाकला. दोन हात उंचीवर लावलेला जोर अन् चार हात उंचीवर लावलेला तोच जोर, मुळावर दुप्पट फरक पडते. उभं झाड दहा मिनिटात येते, तेच कापलेलं खुंट अर्धा तास खाते कारण त्याला धरायला काही नसते, चारही बाजूनं खोदूनच काढावं लागते. म्हणून झाड मुळासकट पाडा, मग खाली पडल्यावर आरीनं बुंधा वेगळा करा अन् तेव्हा विका. बाभळीच्या लाकडाला गिऱ्हाईक मिळतेच, वखराला, बंडीला, जळणाला. व्यापाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मशीन असेल त्या दिवशी दोन आरीवाले घेऊन ये. अन् ज्याला काही कारणानं आधीच कापायचं आहे त्यानं कमीत कमी छातीएवढा बुंधा ठेवा.

मशीन वावरात घालायच्या आधी पायी फिरा, हे मी हात जोडून सांगतो. २००८ ची गोष्ट, हिंगणघाटच्या पलीकडं एका वावरात घाणेरी इतकी माजलेली की लोडरच्या छतापर्यंत. मालक शहरात वाढलेला, त्याला काही माहीत नव्हतं. मी बकेट खाली ठेवून घाणेरी लोटत चाललो होतो, अन् बकेटच्या दातात एक घडीव दगड आला. लांबट, एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेला. मी लोडर तिथंच थांबवला. खाली उतरून पाहिलं तर अजून तसेच दगड, अन् मधात थारोळ्यासारखा खोलगट भाग. मोटेचं थारोळं, मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं ती जागा. म्हणजे विहीर इथंच पाहिजे. बांबू घेऊन एक-एक पाऊल टाकत गेलो तर मशीनच्या आयडलरपासून, म्हणजे चेनच्या पुढच्या चाकापासून, सहा फुटावर जमीन संपली होती. घाणेरीच्या फांद्या दोन्ही बाजूनं येऊन वरून झाकलेली, कठडा नाही, चाळीस-एक फूट खोल, आत पाणी काळं. पंधरा टनाचं वजन काठावर गेलं असतं तर काठ धसला असता अन् मी बंद खड्ड्यात मशीनच्या खाली राहिलो असतो. तेव्हापासून मी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय पडीत वावरात मशीन घालत नाही. त्याले विचारा की बावा, इथं मोट कुठं चालायची, बैलाची धाव कुठून कुठं होती. धावेचा उतार जमिनीत अजूनही दिसते, अन् एखादं उंबर किंवा पिंपळ जमिनीतून आल्यासारखं दिसलं तर ते बहुतेक विहिरीच्या भिंतीतून आलेलं असते. सापडलेल्या विहिरीच्या चारही बाजूनं वीस-वीस फुटावर खुंट्या ठोकून लाल कपडा बांधा, त्याच्या आत मशीन नाही, तिथलं हातानं काढा.

फिरतानाच वर पण पाहा. आग्यामोहोळ. मोठ्या झाडाच्या आडव्या फांदीला काळं पोळं लटकलेलं असते, इंजिनच्या धक्क्यानं ते उठलं तर उघड्या मशीनवर बसलेल्या माणसाला पळायला जागा नाही. ते झाड सोडून द्या किंवा पोळं काढणाऱ्या माहितगाराला आधी बोलवा. विजेच्या तारा कुठून जातात पाहा, तारेकडं पडेल असं झाड स्वतः पाडू नका, वीज कंपनीकडून लाइन बंद करून घ्या. अन् जी झाडं ठेवायची ती चुन्यानं रंगवून ठेवा. धुऱ्यावरचा निंब, मोहाचं झाड, नाल्याच्या काठाची झाडं ठेवा, नाल्याचा काठ उघडा केला तर दोन पावसाळ्यात तुमचं अर्धा एकर नाल्यात जाते, मी पाहिलं आहे. तिथली वेडी बाभूळ तेवढी हातानं काढा.

वेळ कोणती, तर वापसा. लोक मे महिन्यात मशीन बोलावतात कारण तेव्हा वावर रिकामं अन् हातात पैसा. पण मे मध्ये आपली काळी जमीन दगड होते, भेगा पडतात हातभर, मूळ ओढलं की जमिनीत तुटते अन् खाली राहते. वरून शेहेचाळीस डिग्री, रेडिएटरच्या जाळीत वाळला पाला घुसतो, इंजिन तापते, अन् जुन्या मशीनला कुठून तरी डिझेल-ऑइल पाझरतच असते, खालच्या प्लेटवर वाळलं गवत साचते, त्याला आग लागायला एक ठिणगी पुरते. पावसाळ्यात तर विचारच नको, मशीन पोटावर बसली की तिला काढायला दुसरी मशीन. दिवाळीनंतर एक-दीड महिना, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, वर कोरडं अन् एक फुटाखाली ओल असते, तेव्हा मुळं गाजरासारखी निघतात. तपासायचं कसं, तर एक फूट खड्डा करून माती मुठीत दाबा, गोळा झाला अन् अंगठ्यानं दाबल्यावर फुटला तर मशीन घाला, दोरीसारखी वळली तर थांबा. शेजाऱ्याची कपाशी-तूर तेव्हा उभी असते, म्हणून पांदणीतून मशीन न्यायचं त्याच्याशी आधी बोलून घ्या.

आता प्रत्यक्ष झाड कसं काढायचं. झुडपं पहिले, मोठी झाडं नंतर, म्हणजे मोठ्या झाडाच्या भोवती मोकळी जागा मिळते. घाणेरी अन् बोरीला बकेट जमिनीपासून दोन-तीन बोटं खाली ठेवून दात मुळाच्या गड्ड्याखाली घालायचे, हळू पुढं जात बकेट वळवायची, गड्डा वर येते. पूर्ण सपाट बकेट लावून खरवडायचं नाही. जुन्या रेल्वे रुळाचे तुकडे वेल्ड करून दाताळं बनवून घ्या, माती मधातून खाली पडते अन् मुळं वर राहतात. चिमटा बकेट असेल, जी खालून उघडते, तर लयच उत्तम, झुडपांचा भारा तोंडात धरल्यासारखा उचलून नेता येते.

मोठ्या बाभळीला आधी चहूबाजूनं पाहा, कुठं झुकली आहे, कुठं मोकळी जागा आहे, कोणती फांदी वाळलेली आहे. जिकडं पाडायची त्याच्या उलट्या बाजूनं पाच-सात फूट अंतरावर बकेटचे दात तिरपे खाली घालून चर मारा, त्या बाजूची आडवी मुळं तुटली पाहिजेत. मूळ तुटताना आवाज येते, इंजिनच्या आवाजातही कळते, अन् मशीन एकदम हलकी होते. मग दोन्ही बाजूला तसेच चर. पाडायच्या बाजूचं मूळ ठेवा, ते बिजागरीसारखं काम करते. मग निघालेली माती त्या पहिल्या चरात अन् खोडाजवळ लोटून छोटा चढ बनवा, त्याच्यावर मशीन चढवा म्हणजे बकेट खोडाला उंचावर लागते. आता पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू, धक्का न मारता जोर द्या. बुंध्याच्या भोवतीची जमीन फुगते, गोल भेग पडते. भेग दिसली की झाड येणार. ते पडायला लागलं की तत्काळ रिव्हर्स, कारण पलीकडं झाड जाते तसा अलीकडं मुळांचा अख्खा गोळा वर उठते, अन् तो तुमच्या मशीनच्या पोटाखाली असते. चेन हवेत, पोट मुळावर, खालची प्लेट नसेल तर ऑइलचा चेंबर फुटलेला. नवीन ऑपरेटर इथंच चुकते, झाड पडलं म्हणून पुढंच जात राहते.

नाही आलं तर परत मागं जा अन् अजून मुळं तोडा. लांबून धावत येऊन धक्का मारू नका. धक्क्यानं झाड नाही पडत, वरची फांदी तुटून डोक्यावर येते, अन् चेनची पिन, आयडलर, बकेटचे हात यावर सगळा मार बसते.

वाळलेल्या झाडाचा नियम वेगळा आहे. १९९८ ला मी वाळलेल्या हिवराला बकेट उंच लावून ढकललं, हिरव्या झाडासारखंच. तो मुळातून आला नाही, मधातून तुटला, अन् वरचा तुकडा मागं येऊन छतावर पडला. छताचा एक पाइप वाकून माझ्या खांद्यापर्यंत आला. छत नसतं तर आज मी हे लिहीत नसतो. वाळलेल्याला बकेट खाली, कमरेएवढ्या उंचीवर, अन् आधी चारही बाजूनं मुळं मोकळी करून. अन् ज्या लोडरला मजबूत छत नाही त्यानं झाडं काढायची नाहीत, मालक कितीही म्हणो. छताच्या मागं जाळी, रेडिएटरच्या समोर जाड जाळी, खाली प्लेट, हायड्रॉलिकच्या पाइपांवर पट्टीचं कव्हर, हे सगळं असल्याशिवाय काम सुरू करू नका. काम चालू असताना मशीनपासून झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस नको, आरीवाले नको, लाकडं वेचणाऱ्या बाया नको. हे सांभाळायला एक माणूस वेगळा उभा करा, ऑपरेटरला मागचं दिसत नाही.

जातीजातीचा फरकही सांगून ठेवतो. बाभूळ मुळासकट निघाली की बहुतेक खेळ संपला, पण तिचं बी जमिनीत अनेक वर्षं राहते, दोन-तीन वर्षं रोपं उपटत राहा. वेडी बाभूळ फसवी आहे, तिचे डोळे जमिनीच्या जरा खाली बुंध्याच्या गड्ड्यात असतात, वरून कापली की दहा फांद्या फुटतात, म्हणून तिचा गड्डा फूट-दीड फूट खालून काढा. पळसाचं मूळ तुकड्या-तुकड्यातून फुटते, त्याला मशीननं एकदम संपवता येत नाही, नांगरटीच्या मागं बाया लावून मुळ्या वेचाव्याच लागतात अन् पुढचे दोन वर्षं फुटवे खुरप्यानं काढावे लागतात. बोरीचंही तसंच.

झाडं रचताना मुळं दोन-तीनदा बकेटमध्ये उचलून आपटा, माती झटकली पाहिजे. मुळाच्या एका गोळ्यात दोन-दोन बंड्या माती असते, अन् ती वरची, वीस वर्षं पाला कुजून झालेली सोन्यासारखी माती आहे. ती ढिगाऱ्यात गेली तर वावर साफ होईल पण पीक पिवळं येईल. पेटवून देऊ नका, लाकूड विका, फांद्या जळणाला द्या, काटेरी फांद्यांचं कुंपण करा. खड्डे त्याच दिवशी भरा, वर थोडा उंचवटा ठेवा कारण पहिल्या पावसात काळी माती बसते. नंतर आडवी-उभी खोल नांगरट, मुळ्या वेचणी. पहिल्या वर्षी कपाशीचा खर्च करू नका, तूर किंवा ज्वारी घ्या, जमीन अजून सारखी झालेली नसते.

एवढं सांगूनही तुम्हाला तो साडेआठ लाखाचा लोडर घ्यायचाच असेल, धंदा म्हणून, तर रंग पाहू नका, खालचा भाग पाहा. चेनच्या मशीनच्या दुरुस्तीतला अर्धा पैसा खालीच जाते, चेन, रोलर, आयडलर, अन् स्प्रॉकेट म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक. स्प्रॉकेटचे दात चोचीसारखे टोकदार झाले असतील तर चेन संपली समजा. चेन ताणून चार कड्यांचं माप पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत टेपनं घ्या अन् नव्या चेनच्या मापाशी ताडून पाहा, पिन-बुश एकदा पलटवले आहेत का ते विचारा. वरच्या रोलर अन् आयडलरच्या मधात चेन इंच-दीड इंच लोंबली पाहिजे, जास्त ताणलेली असेल तर मालकानं झीज लपवली असू शकते. चेन ढिली करायची वेळ आली तर ग्रीसचा वॉल्व एकच आटा सोडा अन् तोंड समोर नेऊ नका, आत इतका दाब असते की ग्रीस गोळीसारखं अंगात घुसते.

मशीन थंडी असताना नाही, दोन तास चालल्यावर तपासा. गरम झाल्यावर मशीन दोन्ही बाजूनं वळवून पाहा, सरळ चालताना एका बाजूला ओढत असेल तर स्टिअरिंगचा क्लच गेला. मातीच्या ढिगाला बकेट लावून दुसऱ्या गिअरमध्ये जोर द्या, इंजिन दबलं पाहिजे किंवा चेन घसरली पाहिजे. दोन्ही होत नसेल अन् मशीन नुसती उभी राहिली तर ट्रान्समिशन घसरते. बकेट जमिनीला टेकवून पुढचा भाग उचलून धरा अन् पाच मिनिटं पाहा, हळूहळू खाली बसत असेल तर सिलिंडरचे सील. दोन्ही फायनल ड्राइव्हचं, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरच्या डब्यातलं, थोडं ऑइल हातावर घ्या, लोखंडाच्या कणाची चमक दिसली तर सोडून द्या ती मशीन. डिझेल तासाला बारा-पंधरा लिटर धरा, अन् वर्षातले कामाचे महिने आपल्याकडं जेमतेम पाच, बाकी उभी. शिवाय प्रत्येक गावाला लोबेड. हे गणित मांडा.

तुम्ही असं करा, त्या लोडरच्या चेनचं चार कड्यांचं माप, दोन्ही स्प्रॉकेटचे जवळून फोटो अन् मशीनच्या मागच्या प्लेटवरचा नंबर मला पाठवा. अन् गावातल्या म्हाताऱ्याला घेऊन विहीर शोधून या. मापं आली की भाड्याचं काय धरायचं अन् घ्यायचीच असेल तर किती द्यायचे ते बोलू.